आरव्हीतला स्वयंपाक: गॅस पुरतो, पाणी जपावं लागतं

एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा. डॅलसहून विमानाने सॉल्ट लेक सिटी, तिथून भाड्याची 30 फुटी आरव्ही, म्हणजे स्वयंपाकघर-संडासासकट राहायची गाडी, नऊ दिवस, यलोस्टोन आणि ग्रँड टीटन ही राष्ट्रीय उद्यानं. माणसं सहा: त्या दोघं, 6 आणि 10 वर्षांची मुलं, पुण्याहून आलेले सासू-सासरे. सासऱ्यांना दिवसातून एकदा तरी भात-आमटी हवी. सासूबाई चातुर्मास पाळतात आणि आषाढी एकादशी नेमकी प्रवासात येते. मुक्काम ठरलेत: पहिली रात्र सॉल्ट लेकच्या आरव्ही पार्कात, मग यलोस्टोनमधल्या कॅम्पग्राउंडांवर, मॅडिसनला तीन रात्री, फिशिंग ब्रिजला दोन, टीटनमध्ये कोल्टर बे आणि परत. "सोपं, पटकन होणारं काय करता येईल?" असं त्यांनी विचारलंय.

मी डेन्व्हरजवळ राहते. गेली 13 वर्षं आम्ही आरव्हीने फिरतोय, आधी भाड्याच्या आणि आता स्वतःच्या. आई-बाबा भारतातून आले की त्यांना घेऊनही जातो. ताई, तुम्ही पदार्थ विचारलेत, ते सांगतेच. पण त्याआधी एक गोष्ट मनात पक्की करा, कारण पदार्थ तिच्यावरूनच ठरतात. आरव्हीत गॅस संपत नाही. नऊ दिवसांच्या स्वयंपाकाला प्रोपेन पुरून उरतो. अडतं ते पाण्यापाशी, आणि त्याच्याही आधी सांडपाण्यापाशी.

तुमच्या आकाराच्या गाडीत ताज्या पाण्याची टाकी साधारण 40 गॅलनची, म्हणजे 150 लिटरची असते. मॅडिसनला वीज-पाण्याची जोडणी नाही. सहा माणसं, तीन दिवस: माणशी रोजचे आठ लिटर झाले, आणि त्यातच तोंड धुणं, संडास, भांडी सगळं. पिण्याचं पाणी कॅम्पग्राउंडच्या नळावरून कॅनने आणता येतं, पण मोरीत आणि सिंकमध्ये गेलेलं पाणी ज्या ग्रे टाकीत साठतं ती कॅनने रिकामी करता येत नाही. ती भरली की गाडी हलवून डंप स्टेशनवर, म्हणजे सांडपाणी सोडायच्या ठरावीक जागी, न्यावी लागते. सिंकचा नळ मिनिटभर मोकळा सोडला तर दीड-एक गॅलन पाणी जातं. घरच्या सवयीने तांदूळ तीनदा धुतले आणि कढई वाहत्या पाण्याखाली घासली, तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टाकीचा दिवा लाल होतो.

म्हणून माझा नियम सोपा आहे. जे धुवायचं, चिरायचं, वाटायचं, ते शक्य तेवढं घरी. गाडीत फक्त शिजवणं आणि वाढणं. सहा माणसांच्या स्वयंपाकाला आणि भांड्यांना मिळून मी दिवसाला चार गॅलन देते, आणि त्यात भागतं.

आता घरी काय करायचं ते. तुम्ही विमानाने जाताय, तेव्हा कोरडं सामान चेक-इन बॅगेत टाका. पिठं आणि पुड्या हातातल्या बॅगेत नेल्या की सुरक्षा तपासणीत थांबवून पिशव्या उघडून बघू शकतात.

सर्वांत आधी खिचडीच्या पिशव्या. दीड वाटी तांदूळ, एक वाटी मुगाची डाळ, ही मोठी वाटी, साधारण अमेरिकन कपाएवढी. दोन्ही घरी स्वच्छ धुवा, चाळणीत निथळा आणि जुन्या पंचावर पसरून पंख्याखाली रात्रभर वाळू द्या. हाताला अगदी कोरडं लागलं पाहिजे, नाहीतर पिशवीत वास येतो. मग झिपच्या पिशवीत भरताना त्यातच हळद, हिंग, मीठ, चमचाभर गोडा मसाला आणि दोन लवंगा. एक पिशवी म्हणजे सहा जणांचं एक जेवण. तिथे कुकरमध्ये तूप, जिरं, पिशवी रिकामी करायची, सहा वाट्या पाणी घालायचं, झाकण लावायचं. धुणं नाही, मोजणं नाही. अशा तीन पिशव्या न्या. नुसत्या धुतलेल्या, वाळवलेल्या तांदळाच्या आणि तुरीच्या डाळीच्याही वेगळ्या पिशव्या करा, सासऱ्यांच्या आमटी-भातासाठी. ही एक युक्ती मी इतक्या जणींना सांगितली आहे की आता आमच्या ओळखीत तिला "वाळवलेली खिचडी" असं नावच पडलंय.

दुसरं, उपम्याचा रवा. रवा खमंग भाजून घ्या. तेलात मोहरी, जिरं, उडदाची डाळ, सुकी मिरची आणि कुरकुरीत होईपर्यंत तळलेला कढीपत्ता अशी फोडणी करून तीत रवा, मीठ, साखर, सुंठ घालून परता आणि पूर्ण गार झाल्यावर डब्यात भरा. तिथे एका वाटीला अडीच वाट्या उकळतं पाणी, झाकून सात-आठ मिनिटं. कांदा घरच्या रव्यात घालू नका, तो टिकत नाही, आणि सासूबाईंना पुढे चालणारही नाही.

तिसरं म्हणजे दाण्याचं कूट. भरपूर न्या, निदान अर्धा किलो. कोशिंबिरीत, साबुदाण्यात, पिठल्याच्या बरोबरीला, कशातही लागतं आणि गाडीत मिक्सर लावायची वेळ येत नाही. चौथं, थालीपिठाची भाजणी. पाचवं, मेतकूट. सासूबाई पुण्याहून मेतकूट, कोरड्या चटण्या, लाडू नक्कीच घेऊन आल्या असतील. ते सामान या प्रवासात सोन्यासारखं आहे, डॅलसला संपवू नका. भारतातून ओला कढीपत्ता मात्र आणता येत नाही, विमानतळावर काढून घेतात. तो डॅलसच्याच दुकानातून घ्या.

आणि कुकर. भाड्याच्या गाडीबरोबर जो भांड्यांचा संच मिळतो त्यात शिट्टीचा कुकर नसतो. आपला पाच लिटरचा, आतल्या डब्यांसकट, बॅगेत टाका. बॅगेत डब्यांच्या आत मसाल्याच्या पुड्या बसतात, म्हणजे जागा वाया जात नाही. इन्स्टंट पॉट, म्हणजे विजेवरचा कुकर, न्यावा का असं बऱ्याच जणी विचारतात. तो हजार वॅटच्या आसपास घेतो. जिथे विजेची जोडणी आहे तिथे चालेल, मॅडिसनला नाही. जनरेटर आहे, पण तो कॅम्पग्राउंडने ठरवून दिलेल्या वेळेतच लावता येतो, आणि भाड्याच्या गाडीत त्याचे तासावर वेगळे पैसे पडतात. जोडणी असली तरी हिशोब लागतो. 30 अँपिअरची जोडणी म्हणजे 120 व्होल्टवर 3600 वॅट. एसी चालू, त्यात मायक्रोवेव्ह लावला, वर इन्स्टंट पॉट, की ब्रेकर पडलाच. शिट्टीच्या कुकरला यातलं काही लागत नाही.

कुकर नेण्याचं खरं कारण वेगळंच आहे. फिशिंग ब्रिज समुद्रसपाटीपासून साधारण 7,800 फुटांवर आहे. तिथे पाणी 92 अंशांच्या आसपास उकळतं. डॅलसला जवळपास 100, पुण्यात 98. म्हणजे पाणी खळखळ उकळत असतं, पण डाळ शिजत नाही. आमच्या पहिल्या वर्षी मी पातेल्यात तुरीची डाळ ठेवली होती. सव्वा तास उकळूनही दाणा बोटाखाली कचकन लागत होता, आणि पाणी आटलं म्हणून मी तीनदा वाढवलं. शेवटी ती डाळ बाजूला ठेवून मुलांना ब्रेड-अंडी दिली. कुकरमध्ये दाब वाढतो म्हणून पाणी तिथेही शंभराच्या बरंच वर तापतं. तरी घरी तीन शिट्ट्या करत असाल तर तिथे पाच करा, आणि गॅस बंद केल्यावर दाब आपोआप उतरू द्या. उपमा, शेवया, पास्ता, उकडलेली अंडी, सगळ्याला दोन-चार मिनिटं जास्त धरा.

कुकर नेहमी डबे लावूनच चढवा. आरव्हीची शेगडी तीन बर्नरची दिसते, पण बर्नर इतके जवळजवळ असतात की दोन मोठी भांडी शेजारी बसत नाहीत. खालच्या डब्यात डाळ, वरच्यात भात, मधल्या फटीत दोन बटाटे: एका जाळावर जेवण झालं. आणि तळाला जे वाटीभर गरम पाणी उरतं ते ओतून देऊ नका. ते स्वच्छच असतं. त्यात साबणाचा थेंब टाकला की तुपाची वाटी आणि चमचे त्यातच निघतात.

फ्रिजबद्दल दोन शब्द. बऱ्याच आरव्हींत गॅसवर आणि विजेवर दोन्हींवर चालणारा फ्रिज असतो. तो घरच्या फ्रिजपेक्षा फार सावकाश गार होतो, सहा-आठ तास, कधी रात्रभर लागते. गाडी तिरकी उभी असेल तर तो नीट चालतही नाही. गाडी देणाऱ्यांना आदल्या रात्री फ्रिज चालू करून ठेवायला आवर्जून सांगा. पहिल्या दिवशी त्यात गरम काही ठेवू नका. चिकन किंवा खिमा नेणार असाल तर मसाला लावून गोठवलेला घ्या, तो पहिले दोन दिवस बर्फाचंही काम करतो. छोटा थर्मामीटर आत ठेवा, 40 फॅरनहाइटच्या वर काटा गेला तर दूध-दही-मांसाचा धोका पत्करू नका.

दार! आमच्या पहिल्या सहलीत मोआबच्या वाटेवर एका वळणावर फ्रिजचं दार उघडलं आणि आमटीचं गोल भांडं थेट जमिनीवर. हळदीचा तो डाग सीटच्या कडेला तसाच राहिला आणि गाडी परत देताना त्याचे पैसे कापले गेले. तेव्हापासून पातळ पदार्थ मी दारात ठेवत नाही. चौकोनी, क्लिपच्या झाकणाचे डबे घेते, आणि निघण्याआधी फ्रिजच्या कडीवर हात ठेवून ती लागलीय ना हे बघण्याचं काम एका ठरावीक माणसाचं असतं. तुमच्याकडे ते 10 वर्षांच्या मुलाला द्या, मुलं अशी कामं फार चोख करतात.

आता फोडणी. आरव्हीत छत डोक्याला लागेल इतकं जवळ आणि धुराचा अलार्म शेगडीपासून चार पावलांवर. माझ्या आईने एकदा सकाळी साडेसहाला पोह्यांची फोडणी केली. मोहरी तडतडली, मिरची पडली, आणि अख्खं कॅम्पग्राउंड जागं होईल असा अलार्म वाजला. आई इतकी घाबरली की गाडीला काहीतरी झालंय म्हणून तिने कढईच खाली ठेवली. पुढचे दोन दिवस ती शेगडीजवळ जायला तयार नव्हती. तिचं ते भेदरलेलं तोंड मला अजून आठवतं, म्हणून कळकळीने सांगते: अलार्मची बॅटरी कधीही काढू नका, तो आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म तुमच्या मुलांच्या जिवासाठी आहेत. त्याऐवजी फोडणीच बदला.

मी आठवड्याची फोडणी एकदाच करते, पहिल्या रात्री, जिथे पूर्ण जोडणी असते तिथे. छताची खिडकी उघडी, शेगडीवरचा पंखा चालू, खिडकी फटीएवढी सरकवलेली. वाटी-दीड वाटी तेलात मोहरी, जिरं, हिंग, कुरकुरीत कढीपत्ता, गॅस बंद करून हळद. गार झाली की काचेच्या घट्ट झाकणाच्या बरणीत, आणि बरणी फ्रिजात. पुढे आमटी असो, पिठलं असो, कोशिंबीर असो, एक चमचा बरणीतून. लसूण आणि ओली मिरची त्या बरणीत घालू नका. तेलात मुरलेला ओला लसूण असा दिवसेंदिवस ठेवणं धोक्याचं असतं. तो हवा तेव्हा वेगळा परता. गाडीत तळण मात्र अजिबात नको. भजी, पुऱ्या, काहीही नको. जागा अरुंद, मुलं पायात, आणि तेलाचा वास गाद्यांना बसतो तो शेवटपर्यंत जात नाही.

वाटेतलं जेवण. सॉल्ट लेकहून वेस्ट यलोस्टोन साधारण 320 मैल. आरव्हीने सहा-सात तास धरा. चालत्या गाडीत कोणी उठायचं नाही, गॅस पेटवायचा नाही, तेव्हा निघण्याआधीच सगळं हाताशी हवं. यासाठी आपल्या जुन्या माणसांचं प्रवासाचं खाणंच सर्वांत उत्तम. दशम्या. दुधात कणीक भिजवायची, पाण्याचा थेंब नाही, थोडं तूप, मीठ. दोन-तीन दिवस मऊ राहतात. सासूबाईंना सांगितलं तर त्या पहिल्याच संध्याकाळी पंधरा-वीस करून देतील, आणि मला खात्री आहे की त्यांना ते काम आवडेल. सहलीत मोठ्यांना नुसतं बसवून ठेवलं की त्यांना आपण ओझं झालोय असं वाटतं. दशमी, शेंगदाण्याची चटणी, गूळ-तूप, सोबत काकडी. मुलांना दशमीत चीज गुंडाळून द्या.

दहीभात नेणार असाल तर गरम भातात आधी दूध घाला, दही चमचाभरच. दुपारपर्यंत बरोबर लागतो आणि आंबट होत नाही.

आयडाहो फॉल्स वाटेतच लागतं, सॉल्ट लेकपासून 210 मैलांवर. भाजीची शेवटची मोठी खरेदी तिथे करा. पार्काच्या आतल्या दुकानात दूध, अंडी, ब्रेड मिळतो, पण भाजी तुरळक आणि महाग. कोबी, गाजर, बटाटे, काकडी, लिंबं, मक्याची कणसं, टोमॅटो आणि एक-दोन वांगी घ्या. पालेभाजी नको, ती धुण्यातच पाणी जातं. कोथिंबीर हवी असेल तर घरून निवडून, धुऊन, कोरडी करून कागदात गुंडाळलेली न्या. भारतीय सामान घ्यायचं राहिलं असेल तर ते सॉल्ट लेकमध्येच घ्या, पुढे मिळेल असं धरून चालू नका.

मॅडिसनच्या तीन रात्री म्हणजे पाण्याच्या काटकसरीच्या रात्री. इथे एका भांड्यात होणारंच करायचं. पहिल्या रात्री सगळे दमलेले असतात, तेव्हा खिचडी, मेतकूट, तूप, पापड. पापड मायक्रोवेव्हशिवाय शेगडीच्या जाळीवर छान भाजतो, पण पंखा चालू ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी दडपे पोहे. पातळ पोह्यांत बारीक चिरलेली काकडी, टोमॅटो, लिंबू, मीठ, साखर, ओल्या नारळाऐवजी सुकं खोबरं, बरणीतली फोडणी, आणि वीस मिनिटं दडपून ठेवायचे. गॅस नाही, पाणी नाही, खरकटं म्हणजे एक परात. या एका पदार्थावर मी आरव्हीतल्या न्याहारीची निम्मी मदार ठेवते.

तुमची आषाढी फिशिंग ब्रिजला येत असेल तर नवमी मॅडिसनला येते. कांदेनवमी! चातुर्मासात कांदा, लसूण, वांगं वर्ज्य करणाऱ्या घरात नवमीला भरीत झालंच पाहिजे, आणि कॅम्पची शेकोटी याहून चांगल्या कामाला कधी येणार? अमेरिकन वांगी जाड आणि मोठी असतात, त्यातल्या त्यात लहान घ्या. तेलाचा हात लावा, सुरीने चार-पाच ठिकाणी टोचा. लाकडाच्या ज्वाळेवर नाही, निखारे पडल्यावर जाळीवर ठेवा. ज्वाळेवर साल जळते आणि आत कच्चं राहतं. वीस-पंचवीस मिनिटं, चिमट्याने फिरवत. वांगं अंगातून ढासळल्यासारखं बसलं आणि देठाजवळ दाबून पाहिलं तर बोट आत गेलं, की झालं. फॉइलवर काढा, साल फॉइलमध्येच गुंडाळा, म्हणजे भांडं लागत नाही. कच्चा कांदा, हिरवी मिरची, कूट, कोथिंबीर, वरून फोडणी. त्याच निखाऱ्यांवर मक्याची कणसं, तिखट-मीठ-लिंबू लावून. सोबत दशम्या किंवा तव्यावर गरम केलेले टॉर्टिया. लाकूड मॅडिसनलाच विकत घ्या, बाहेरून आणलेल्या लाकडातून झाडांची कीड पसरते. जुलैत कोरडं असलं तर शेकोटीवर बंदीही येते, आत शिरतानाच विचारा. बंदी असली तर वांग्याचे काप करा: हळद-तिखट-मीठ लावून रव्यात घोळवून तव्यावर थोड्या तेलात. वांगं गाडीच्या शेगडीवर भाजायला जाऊ नका, अलार्मची गोष्ट वर सांगितलीच आहे.

तिसऱ्या रात्री पिठलं-भात. बेसन घरीच थोडं भाजून नेलं तर पिठलं दहा मिनिटांत होतं आणि गुठळ्या होत नाहीत.

फिशिंग ब्रिज हे यलोस्टोनमधलं वीज, पाणी आणि सांडपाणी अशा तिन्ही जोडण्यांचं एकमेव कॅम्पग्राउंड. इथे हात सैल सोडा. सासऱ्यांना साग्रसंगीत वरण-भात, बटाट्याची भाजी, कोशिंबीर, सगळी भांडी काढून. एकादशीही इथेच येणं सोयीचं. साबुदाणा भिजवायला तसं पाणी फार लागतच नाही: एकदा धुवायचा, सगळं पाणी काढायचं आणि वर जेमतेम दाणे ओले राहतील एवढं ठेवून रात्रभर झाकायचा. तिथल्या थंडीत आणि कोरड्या हवेत वरचे दाणे कडक राहतात, म्हणून झाकण घट्ट हवं आणि सकाळी हाताने मोकळा करून थोडा पाण्याचा हबका मारा. एक दाणा चिमटीत दाबला तर पूर्ण चिरडला गेला पाहिजे, मधे पांढरा खडा लागला तर अजून अर्धा तास. संध्याकाळी वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी. वऱ्याही घरी धुऊन वाळवून नेता येतात. कढईऐवजी नॉनस्टिक पॅन वापरा, साबुदाणा चिकटला की तो खरवडण्यात दिवसाचं पाणी जातं.

एकादशीनंतरचा कांदा-लसणाशिवायचा स्वयंपाक आरव्हीत उलट सोपाच. चिरणं कमी, वास कमी. थालीपिठात किसलेली काकडी घाला, तिच्या पाण्यातच पीठ भिजतं. बटर पेपरवर थापा, कागदासकट तव्यावर उलटा, कागद सोलून घ्या. परातीला पीठ चिकटत नाही, थापायचं फडकं धुवायला लागत नाही. उसळ करायची असेल तर मटकीला मोड सॉल्ट लेकच्या उन्हाळ्यात आणून घ्या, यलोस्टोनच्या रात्री इतक्या गार असतात की मोड येतच नाहीत. चवळी असेल तर सकाळी निघताना रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये उकळतं पाणी घालून ठेवा, थर्मास सिंकमध्ये आडोशाला. संध्याकाळी ती टपोरी भिजलेली असते, त्याच पाण्यात कुकरला लावा.

भांडी कशी घासायची हे सांगितल्याशिवाय हे उत्तर अपुरं राहील. ताटं आधी कागदाने पुसा, अगदी कोरडी होईपर्यंत. वरण, तेल, भाताचं शीत, काहीही सिंकमध्ये जाऊ द्यायचं नाही. टाकीत गेलेलं खरकटं दोन दिवसांत कुजतं आणि वास वर येतो. मग एका टबात गरम साबणाचं पाणी, दुसऱ्यात साधं. नळ सुरू ठेवून काहीही धुवायचं नाही. मॅडिसनला रात्रीच्या जेवणाला कागदी ताटं वापरायला मी संकोच करत नाही.

हे धुतलेलं पाणी बाहेर झाडाखाली ओतायचं नाही, कितीही साधं वाटलं तरी. यलोस्टोनमध्ये अस्वलं आहेत. अन्न, भांडी, कचरा, रिकामा कुकर, तेलाची बाटली, मुलांच्या हातातलं बिस्किट, वापरात नसताना सगळं गाडीच्या आत किंवा अस्वलापासून सुरक्षित अशा लोखंडी पेटीत. फिशिंग ब्रिजला तंबू लावूच देत नाहीत, पक्क्या भिंतींची गाडीच लागते, ते याच कारणाने. माणसाच्या अन्नाची चटक लागलेलं अस्वल पुढे माणसांजवळ येत राहतं आणि बऱ्याचदा त्याला मारावं लागतं. मुलांना हे कारण सांगा. नुसतं "उचला" म्हटलं तर ती विसरतात, कारण कळलं की विसरत नाहीत. दिवसा लक्ष ठेवायचं ते डोमकावळ्यांवर. पिकनिकच्या टेबलावर डबा ठेवून पाच मिनिटं फोटोला गेलात तर ते पिशवीची चेनसुद्धा उघडतात.

दुपारची वेळ मुलांसाठी सांभाळा. पार्कात 20 मैल जायला कधीकधी तासापेक्षा जास्त लागतो, रस्त्यात गवे उभे असतात. भडंग, चुरमुरे, लाडू, सफरचंद हाताशी असू दे. सातूचं पीठ नेलंत तर दूध-गुळात कालवून दोन मिनिटांत पोटभर खाणं होतं, सासऱ्यांनाही पचायला हलकं.

आणि कुकरच्या शिट्ट्या रात्री आठच्या आत संपवा. कॅम्पग्राउंडवर शांततेची वेळ असते आणि शेजारच्या तंबूत कोणाचं तरी तान्हं झोपलेलं असतं. आमच्या शेजारच्या एका आजींनी पहिली शिट्टी ऐकून दार ठोठावलं होतं, काही बिघडलंय का विचारायला. त्यांना वाटीभर खिचडी तूप घालून दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी वाटी परत आली ती त्यांनी केलेल्या हकलबेरीच्या जॅमने भरून, आणि तो जॅम आम्ही उरलेल्या दशम्यांबरोबर टीटनच्या तळ्याकाठी खाल्ला.